जुन्या अमेरिकन कन्सेप्ट कारचा इतिहास कसा शोधायचा, लिंकन फ्युचुराचं उदाहरण घेऊन

लिंकन फ्युचुरा ही फोर्डच्या लिंकन ब्रँडची कन्सेप्ट कार, म्हणजे विकायला नाही तर लोकांना दाखवायला बनवलेली गाडी. हे नाव सर्च केलं की पहिल्याच ओळीत बॅटमॅन येतो. "हीच ती गाडी जिची पुढे बॅटमोबिल, म्हणजे टीव्हीवरच्या बॅटमॅनची गाडी, झाली" एवढं सांगून बहुतेक लेख संपतात, आणि १९५५ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांनी जी गाडी पाहिली ती नक्की काय होती, कोणी बनवली, चालत होती का, मधली दहा वर्षं कुठे होती, हे धड कोणी सांगत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण ती गाडी स्वतःच्या जोरावर भारी होती, तिला बॅटमॅनची गरज नव्हती. म्हणून ज्यांना अशा एखाद्या गाडीचा इतिहास नीट लिहायचा आहे त्यांच्यासाठी पद्धत सांगतोय. मुख्य गोष्ट एकच, इतिहास शेवटाकडून मागे वाचत यायचं नाही. पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची आणि त्या एकाच गाडीचा, म्हणजे तिच्या प्रत्यक्ष पत्र्याचा आणि चासीचा, माग काढत पुढे जायचं.

आधी बघा ती खरंच गाडी होती का

१९५० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी जे काही स्टेजवर ठेवलं ते सगळं चालणारं नव्हतं. फोर्डची न्यूक्लिऑन, ती अणुभट्टीवर चालणार होती म्हणतात ती, पूर्ण साइझची कधी बनलीच नाही, ३/८ स्केलचं मॉडेल बनलं तेवढंच. १९५४ ची फोर्ड एफएक्स-अ‍ॅटमॉस पूर्ण आकाराची होती पण आत इंजिन नाही, नुसता देखावा. दुसऱ्या टोकाला जनरल मोटर्सची फायरबर्ड वन, हिच्यात खरोखर गॅस टर्बाइन होतं, ३७० हॉर्सपॉवरचं, आणि इंडियानापोलिस ५०० जिंकलेल्या मॉरी रोझने ती टेस्टिंगला चालवली. आता या तिन्हींना एकच शब्द लावून "त्या काळची भविष्यातली कार" म्हटलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यामुळे वहीत पहिली नोंद हीच करा: स्केल मॉडेल, माती किंवा फायबरग्लासचा मॉकअप (नुसता आकार दाखवणारा नमुना), ढकलत न्यायची गाडी, की स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी.

फ्युचुरा चालणारी होती. फोर्डमध्ये बिल श्मिट आणि जॉन नज्जार यांनी तिचं डिझाइन केलं आणि बॉडी बनवली इटलीत, तुरिनच्या घिया या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने, पत्रा हाताने ठोकून. अमेरिकन कंपन्या त्या काळात घियाकडे जायच्या कारण एकच नग हाताने बनवणारे तसे कारागीर तिथे होते आणि डेट्रॉइटपेक्षा खर्च कमी यायचा, क्रायसलर तर सारखीच जायची. खाली लिंकनचं व्ही-८ इंजिन, वर दोन वेगळ्या पारदर्शक बुडबुड्यांसारखं प्लास्टिकचं छत, गिअर बटणं दाबून बदलायचे, लांबी जवळपास १९ फूट. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ती चालवतानाचे फोटो आहेत. आणि मागच्या डेकवर मधोमध एक गोल कडं होतं, त्यात मायक्रोफोन बसवलेला, कारण छताखाली बंद बसल्यावर मागच्या ट्रॅफिकचा आवाज ऐकू येणार नाही, म्हणून तो आवाज मायक्रोफोनने आत आणायचा. असला तपशील सापडला की लगेच लिहून ठेवा, कारण पुढे फोटो ओळखताना हाच उपयोगी पडतो.

नावांमध्ये फार घोळ असतो

एकच नाव दोन गाड्यांना दिलेलं असतं. १९५१ ची ल सेबर ही जनरल मोटर्सचा (जीएम) डिझाइन प्रमुख हार्ली अर्ल याची शो कार, आणि १९५९ पासून विकली गेलेली ब्युइक ल सेबर ही वेगळी. बिस्केन १९५५ साली शेवरोलेची मोटोरामा (जीएमचं स्वतःचं गाड्यांचं प्रदर्शन) कार होती आणि १९५८ पासून त्याच नावाची साधी स्वस्त शेवरोले रस्त्यावर आली. फायरबर्ड वन, टू, थ्री यांचा १९६७ च्या पाँटिअ‍ॅक फायरबर्डशी नाव सोडून काही संबंध नाही. म्हणजे सर्च करताना नाव, साल आणि कंपनी तिन्ही एकत्र टाका. शिवाय तेव्हाच्या पेपरात आणि मासिकात "कन्सेप्ट कार" हा शब्द क्वचित दिसेल, "ड्रीम कार", "शो कार", "एक्सपेरिमेंटल कार" असं लिहायचे, जुन्या अंकांच्या स्कॅनमध्ये शोधताना हे शब्द टाकले नाहीत तर अर्धा माल हाती लागतच नाही. जीएमच्या प्रायोगिक गाड्यांना एक्सपी नंबर असायचे, फायरबर्ड वन म्हणजे एक्सपी-२१, तो नंबर मिळाला तर त्यानेही शोधा.

फ्युचुराच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, ती "लिंकन मार्क टू च्या चासीवर बनवली" असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. एक तर त्या वेळी मार्क टू लिंकनच्या नावाने नव्हती, फोर्डने त्यासाठी काँटिनेंटल असा वेगळा विभाग काढला होता. दुसरं म्हणजे मार्क टू लोकांसमोर आली ऑक्टोबर १९५५ मध्ये, आणि फ्युचुरा दाखवली ८ जानेवारी १९५५ ला. मग बाजारात न आलेल्या गाडीची चासी कुठून आली? साहजिकच ती मार्क टू च्या विकासाच्या काळातली असणार, शोरूममधून उचललेली नाही. बघा, दोन तारखा शेजारी ठेवल्या तर एवढं कळतं, आणि हे काम कुठल्याही आर्काइव्हमध्ये न जाता घरबसल्या होतं.

तारखा तीन, एक नाही

कुठलीही कन्सेप्ट कार घ्या, तिला किमान तीन तारखा असतात: डिझाइन कधी सुरू झालं, गाडी बनून कधी झाली, लोकांना कधी दाखवली. या तीनही वेगळ्या कॉलममध्ये लिहा. फायरबर्ड वन १९५३ मध्ये बनली आणि मोटोरामामध्ये दाखवली १९५४ ला, म्हणून कुठे ५३ दिसतं कुठे ५४, दोन्ही बरोबर आहेत, फक्त कशाचं साल हे कोणी लिहिलेलं नसतं. फायरबर्ड थ्रीचं पण तसंच, १९५८ आणि १९५९.

जीएमच्या गाड्यांसाठी एक सोपी चाळणी सांगतो. मोटोरामा दरवर्षी होत नव्हता. तो १९५३, ५४, ५५, ५६ असा सलग झाला, मग १९५९ आणि १९६१. त्याआधी १९४९ आणि १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात तशीच प्रदर्शनं झाली होती. म्हणजे कुठल्या फोटोखाली "१९५७ मोटोरामा" लिहिलेलं दिसलं तर ते कॅप्शन चूक आहे, विषय संपला, फोटो खरा असेल पण प्रसंग दुसरा.

आणि तारखांमधूनच सगळ्यात मोठा गैरसमज सुटतो, तो म्हणजे "या कन्सेप्ट कारवरून पुढच्या गाड्यांचं डिझाइन घेतलं". फ्युचुराच्या हेडलाइटवरचे पुढे आलेले छज्जे १९५६ च्या लिंकनमध्ये दिसतात, म्हणून लोक लिहितात की फ्युचुरा आवडली आणि मग लिंकनने ते उचललं. पण १९५६ ची लिंकन १९५५ च्या शरद ऋतूतच विक्रीला आली. पत्रा दाबायचे साचे बनवायला, कारखाना तयार करायला जो वेळ लागतो तो बघता जानेवारी १९५५ मध्ये शिकागोला लोक फ्युचुराकडे बघत होते तेव्हा १९५६ च्या लिंकनचा आकार केव्हाच ठरून गेलेला असणार. श्मिट हाच लिंकनच्या स्टायलिंगचा प्रमुख होता, दोन्ही गाड्या एकाच हाताखालच्या. म्हणजे खरा क्रम बहुतेक उलटा आहे, जो आकार कंपनीने आधीच ठरवला होता त्याची लोकांच्या डोळ्यांना सवय व्हावी म्हणून शो कार फिरवायची. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुठेही "प्रभाव पडला" असं वाक्य लिहिण्याआधी दोन्ही गाड्यांच्या तारखा तपासा आणि मगच बाण कुठून कुठे काढायचा ते ठरवा. कॉर्व्हेटसारखं उदाहरणही आहे, जानेवारी १९५३ ला वॉल्डॉर्फमध्ये शो कार म्हणून दाखवली आणि ३० जून १९५३ ला फ्लिंट, मिशिगनमध्ये उत्पादन सुरू, त्या वर्षी ३०० गाड्या. इतक्या कमी वेळात गाडी रस्त्यावर आली याचा अर्थ स्टेजवर होती तेव्हाच ती बनवायचं जवळपास ठरलं होतं.

फोटो वाचायला शिका

फ्युचुराचा रंग हाच तिचा कॅलेंडर आहे. शोमध्ये ती निळसर झाक असलेल्या मोतिया पांढऱ्या रंगात होती, खऱ्या मोत्यासारखी चमक असलेला रंग. मग १९५९ च्या एका हॉलिवूड सिनेमात, डेबी रेनॉल्ड्स आणि ग्लेन फोर्ड यांच्या, ती वापरली आणि त्यासाठी लाल रंगवली, कारण तो मोतिया रंग कॅमेऱ्यात नीट येत नव्हता. बॅटमोबिल झाल्यावर काळी, कडांना चमकत्या लाल-केशरी रेघा. म्हणजे लाल फ्युचुराचा फोटो "१९५५ शिकागो" म्हणून फिरत असेल तर तो १९५५ चा नाही. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही, तिथे मागचे लोक, बाजूच्या गाड्या, लायसन्स प्लेट, भिंतीवरचा बोर्ड बघायचा. अमेरिकन नंबर प्लेटवर राज्याचं नाव असतं आणि त्या काळात बऱ्याच वेळा सालही असायचं, त्यामुळे एवढ्याशा कोपऱ्यातून तारीख निघते.

नकला पण लक्षात ठेवा. बॅटमोबिल गाजल्यावर मूळ गाडीचा साचा काढून फायबरग्लासच्या प्रती बनवल्या गेल्या, त्या शोमध्ये फिरायच्या, आणि पुढे लोकांनी मूळ फ्युचुरासारख्या दिसणाऱ्या लाल गाड्याही बनवल्या. स्वच्छ रंगीत आधुनिक फोटोत फ्युचुरा दिसली तर ती मूळ असूच शकत नाही, कारण मूळ गाडी १९६५ नंतर त्या रूपात राहिलेलीच नाही. मूळ गाडी पत्र्याची आहे, बाकीच्या बहुतेक फायबरग्लासच्या, हा फरक कायम डोक्यात ठेवा.

कागद कुठे मिळतात

फोर्डच्या गाड्यांसाठी डिअरबॉर्न, मिशिगनमधलं द हेन्री फोर्ड म्युझियम आणि तिथलंच बेन्सन फोर्ड रिसर्च सेंटर, त्यांचे बरेच फोटो ऑनलाइन बघता येतात. डेट्रॉइट पब्लिक लायब्ररीचं नॅशनल ऑटोमोटिव्ह हिस्टरी कलेक्शन सगळ्याच कंपन्यांसाठी कामाचं आहे. जीएमच्या गाड्या असतील तर जीएम हेरिटेज सेंटर. पेनसिल्व्हेनियात हर्शीला अँटीक ऑटोमोबाइल क्लबची लायब्ररी आहे. मेल करताना "मला फ्युचुराची माहिती द्या" असं लिहू नका, कोणीही वैतागेल, "जानेवारी १९५५ च्या शिकागो शोची फोर्डची प्रेस रिलीज तुमच्याकडे आहे का" असं एकच नेमकं विचारा, उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते.

पेटंट हा अनेक जण विसरतात असा खजिना आहे. गाडीच्या नुसत्या आकारासाठी अमेरिकेत डिझाइन पेटंट घेतात, त्यात चित्र असतं, डिझाइन करणाऱ्यांची नावं असतात, अर्ज केल्याची तारीख असते आणि हक्क कोणत्या कंपनीला दिले ते असतं. म्हणजे "डिझाइन कोणी केलं" या भांडणाचं आणि "कधीपर्यंत आकार ठरला होता" या प्रश्नाचं अर्धं उत्तर एका पानावर. गूगल पेटंट्सवर फुकट मिळतात, पण १९७६ च्या आधीची पेटंट स्कॅन केलेली आहेत आणि त्यातला मजकूर मशीनने वाचलेला आहे, त्यामुळे नावाची स्पेलिंगं मोडलेली असतात, नावाने नाही सापडलं तर हार मानू नका, कंपनीचं नाव आणि तारखांची मर्यादा टाकून चित्रं एकेक करून बघा. कंटाळवाणं काम आहे पण सापडल्यावर जो आनंद होतो तो वेगळाच.

जुनी मासिकं, पॉप्युलर सायन्स, पॉप्युलर मेकॅनिक्स, लाइफ, यांचे अनेक अंक गूगल बुक्सवर पूर्ण वाचता येतात. जाहिराती पण बघा, नुसते लेख नको. खेळण्यांचे कॅटलॉग सुद्धा, रेव्हेलने १९५६ मध्ये फ्युचुराचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल काढलं होतं, म्हणजे बॅटमॅनच्या दहा वर्षं आधी पोरं ती घरी बसून चिकटवत होती, आणि हीच गोष्ट सांगते की गाडी तेव्हाच किती लोकप्रिय होती. एक गोष्ट मात्र शोधू नका, व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर. १७ अक्षर-आकड्यांचा नंबर १९८१ पासून आला, त्याआधीच्या हाताने बनवलेल्या शो कारला ऑनलाइन डिकोडरमध्ये टाकण्यासारखा नंबर नसतो.

आकडे आणि गोष्टी

फ्युचुराला अडीच लाख डॉलर खर्च आला असं सगळीकडे दिसेल. हा कंपनीने सांगितलेला, गोल आकडा आहे, तो तसाच सांगा, "फोर्डच्या म्हणण्याप्रमाणे" हे शब्द लावून. आणि वाचणाऱ्याला अंदाज यावा म्हणून त्याच काळातली किंमत शेजारी द्या, काँटिनेंटल मार्क टू साधारण १० हजार डॉलरला होती आणि तीच अमेरिकेतली अतिमहाग गाडी समजायचे, म्हणजे एका फ्युचुराच्या पैशात पंचवीस मार्क टू. आजच्या पैशात किती, हे गणित मी टाळतो, त्याने काही समजत नाही.

लिलावाच्या किमतीत दोन आकडे असतात. जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात मूळ बॅटमोबिल विकली गेली, हातोडा पडला ४२ लाख डॉलरला आणि १० टक्के कमिशन धरून झाले ४६ लाख २० हजार. दोन लेखांत दोन आकडे दिसले तर कोणी खोटं बोलत नसतं, कोणता आकडा कुठला ते लिहा म्हणजे झालं.

गोष्टींचं तसं नाही. श्मिटला हा आकार बहामाजच्या समुद्रात बुडी मारताना दिसलेल्या शार्कवरून सुचला, असं सांगतात. फ्युचुराची पुढे बॅटमोबिल बनवणाऱ्या जॉर्ज बॅरिसने फोर्डकडून गाडी एका डॉलरला घेतली, असं सांगतात. दोन्ही गोष्टी छान आहेत आणि खऱ्या असू शकतात, पण मूळ सांगणारा कोण हे शोधा, बहुतेक वेळा ज्याची गोष्ट तोच सांगणारा असतो. एक डॉलरचं तर कारणही समजून घ्या, अमेरिकन करारात मोबदला म्हणून काहीतरी रक्कम दाखवावी लागते म्हणून "एक डॉलर आणि इतर मोबदला" असं लिहायची पद्धत आहे, त्याचा अर्थ गाडी फुकटात गेली असा होईलच असं नाही.

मधली वर्षं सोडू नका

शोची झगमग सगळे लिहितात, शेवटचा लिलाव सगळे लिहितात, आणि मध्ये गाडी धूळ खात उभी असते ते कोणी लिहीत नाही. माझ्या मते खरा इतिहास तिथे आहे. सिनेमानंतर फ्युचुरा नॉर्थ हॉलिवूडला बॅरिसच्या वर्कशॉपवर काही वर्षं नुसती पडून होती, तिला कोणी विचारत नव्हतं. १९६५ मध्ये टीव्हीवर बॅटमॅनची मालिका येणार ठरलं, गाडीचं काम आधी डीन जेफ्रीज या दुसऱ्या गाडी बनवणाऱ्याला दिलं होतं पण मालिकेची तारीख अलीकडे आली आणि इतक्या लवकर त्याला जमणार नव्हतं, म्हणून काम बॅरिसकडे गेलं. त्याच्याकडेही वेळ फक्त सुमारे तीन आठवडे. नवीन गाडी बनवणं शक्यच नव्हतं, आणि अंगणात फ्युचुरा उभी होती, जिला मोठे पंख आणि दोन बुडबुडे आधीच होते. पत्र्याचं काम बिल कुशनबेरीने केलं, मागचे पंख वटवाघळासारखे कातरले, नाकाचा मुखवटा झाला, आणि १२ जानेवारी १९६६ ला एबीसी या अमेरिकन चॅनेलवर पहिला भाग दाखवला. आता बॅटमोबिलचा फोटो घेऊन फ्युचुराच्या फोटोशेजारी ठेवा आणि काय काय बदललं नाही ते मोजा, मला तर दरवेळी हेच दिसतं की बॅरिसच्या कामाइतकंच श्मिट आणि नज्जारचं काम त्यात शिल्लक आहे, आणि घियाच्या त्या इटालियन कारागिरांचं पण, ज्यांची नावं कुठेच येत नाहीत.

गाडी उरलीच नसेल तर

तरी इतिहास लिहिता येतो. क्रायसलरचा डिझाइन प्रमुख व्हर्जिल एक्स्नर याच्या हाताखाली डिझाइन झालेली क्रायसलर नॉर्समन घियाने तुरिनमध्ये बनवली आणि आंद्रेआ डोरिया या जहाजावर अमेरिकेला पाठवली, २५ जुलै १९५६ च्या रात्री नॅनटकेटजवळ स्टॉकहोम जहाजाशी टक्कर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बुडालं, गाडीसकट. लोकांना ती कधीच दाखवली गेली नाही, तिच्याबद्दल जे काही आहे ते इटलीत काढलेले फोटो आणि कागद. अशा गाडीबद्दल लिहिताना फोटोत दिसतं ते आणि कागदावर लिहिलेलं ते, हे वेगळं ठेवा.

आणि "नष्ट केली" असं वाचलं तर लगेच विश्वास ठेवू नका. जीएमने मोडीत पाठवलेल्या मोटोरामाच्या चार गाड्या, ला साल टू च्या दोन, शेवरोले बिस्केन आणि एल्डोराडो ब्रोहॅम टाउन कार, मिशिगनच्या वॉरहूप्स भंगार यार्डमध्ये तीसेक वर्षं पडून होत्या, यार्डवाल्याने त्या पूर्ण चिरडल्याच नाहीत, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी जो बॉर्ट्झ या संग्राहकाने त्या मिळवल्या. बिस्केनचे तर तुकडे केलेले होते, तरी ती पुन्हा उभी राहिली. म्हणून नष्ट करण्याचा आदेश आणि नष्ट झाल्याचा पुरावा या दोन नोंदी वेगळ्या करा.

लिहून काढताना

क्रम तारखेचा ठेवा. शीर्षकात हवं तर बॅटमोबिल टाका, लोक वाचायला येतील, पण लेखात ती तिच्या वेळेला, १९६५ ला येऊ दे. प्रत्येक फोटोखाली तीन गोष्टी द्या: गाडी त्या वेळी कोणत्या रंगात आणि कोणाकडे होती, फोटो कुठल्या संग्रहातला, आणि साल खात्रीचं की अंदाजाचं. दोन ठिकाणी दोन माहित्या असतील तर दोन्ही द्या आणि तुम्हाला कोणती पटते आणि का ते एका वाक्यात लिहा. आणि डिझायनर, पत्रा ठोकणारे, मालक, रंग बदलणारे, सगळ्यांची नावं जिथे सापडतील तिथे घाला, नाव नसेल तर निदान वर्कशॉपचं आणि शहराचं तरी.